स्वस्त सायकलीची महाग किंमत

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या मिरचीचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अर्थशास्त्रातील एक अवघड सिद्धांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. व्यापारी ढिगातील मूठभर मिरची उचलतो, रंग न्याहाळतो, देठ मोडून पाहतो, ओलावा बोटांनी अजमावतो आणि मगच भाव बोलतो. विकणारा शेतकरीही आपला माल कोणत्या प्रतीचा आहे हे जाणून असतो. भावावरून घासाघीस होते, क्वचित कटुताही येते. परंतु मालाच्या प्रतीविषयी दोघांपैकी कोणीही अंधारात नसतो.

हाच शेतकरी आठवीत गेलेल्या आपल्या मुलीसाठी सायकल घ्यायला दुकानात उभा राहिला, की त्याची ही पारख एकाएकी निरुपयोगी ठरते. समोर झळकणारा रंग असतो, हँडलला झिरमिळ्या असतात, पुढे जाळीची टोपली असते. परंतु चाकाच्या तुंब्यातील छर्रे कोणत्या प्रतीचे आहेत, रिमचा पत्रा किती जाड आहे, चिमट्याचा सांधा पक्का आहे की वरवरचा, यांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. ते कळते सहा महिन्यांनी, आणि तेव्हा पावती हरवलेली असते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमकी हीच गोष्ट मांडली. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला ती अज्ञात असेल, तर घेणारा सरासरी मालाचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो. आणि मागे उरतो तो निकृष्ट माल. या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. साध्या भाषेत सांगायचे तर, ग्राहकाच्या डोळ्यांना न दिसणारा चांगुलपणा बाजारात टिकत नाही. स्वस्त सायकलींच्या बाजाराला हे विधान तंतोतंत लागू पडते.

दहा हजार किलोमीटरचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ ग्राहकहिताचा राहत नाही. तो थेट शिक्षणाचा होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. वस्ती विखुरलेली, पाडे शिवारात पसरलेले, प्राथमिक शाळा जवळ पण माध्यमिक शाळा दूर, अशी येथील सर्वसाधारण स्थिती. चौथी-पाचवीपर्यंत नियमित शाळेत जाणारी मुलगी आठवीनंतर गळते, त्याच्या कारणांत हे अंतर नेहमीच वरच्या क्रमांकावर असते.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाने हे ओळखले. मागास तालुक्यांतील, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी या कार्यक्रमातून अनुदान दिले जाते. पूर्वी ते ३,५०० रुपये होते. २०२२ मध्ये ते ५,००० रुपये करण्यात आले. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. पहिला हप्ता खरेदीपूर्वी आणि उरलेला सायकल घेतल्याची पावती सादर केल्यावर, अशी त्याची रीत आहे. मात्र हे अनुदान एका मुलीला एकदाच मिळते. म्हणजे आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत टिकावी, अशी शासनाचीच अपेक्षा आहे.

ही अपेक्षा आकड्यांत मांडून पाहण्यासारखी आहे. पाच किलोमीटर जाणे, पाच किलोमीटर येणे. वर्षाचे दोनशे दिवस. अशी पाच वर्षे. बेरीज होते दहा हजार किलोमीटर. ताशी दहा किलोमीटर हा दप्तर घेऊन चालवणाऱ्या मुलीचा वेग धरला, तर सायकल एक हजार तास चालली पाहिजे. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतील सामुदायिक सायकल कार्यशाळांतील कारागिरांनी उत्पादकांना उद्देशून एक जाहीर निवेदन काढले. मोठ्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त सायकली जेमतेम नव्वद तासांच्या वापरात मोडकळीस येतात, अशी त्यांची तक्रार होती आणि सायकल किमान पाचशे तास तरी टिकावी व तिचे भाग बदलता यावेत, अशी त्यांची मागणी होती. गुळगुळीत रस्त्यांच्या देशातील कारागीर पाचशे तासांची मागणी करतात. येथे खडीच्या आणि चिखलाच्या वाटेवर एक हजार तासांची गरज आहे.

स्वस्त ते महाग कसे पडते, याचे गणितही अवघड नाही. समजा, एक सायकल ५,००० रुपयांना घेतली, ती दोन वर्षे चालली आणि तिच्या दुरुस्तीवर वर्षाकाठी १,२०० रुपये गेले. दरमहा खर्च पडला सुमारे ३०८ रुपये. दुसरी ७,००० रुपयांची, पाच वर्षे टिकणारी, वर्षाला ५०० रुपये दुरुस्ती मागणारी. तिचा दरमहा खर्च १५८ रुपये, म्हणजे पहिलीच्या जवळजवळ निम्मा. आकडे नमुन्यादाखल असले, तरी त्यांतील तत्त्व खोटे नाही. शिवाय पहिलीच्या खर्चात एक मोठी रक्कम धरलेलीच नाही: सायकल कोपऱ्यात पडून असताना बुडालेल्या शाळेची.

सायकल आणि शाळा यांचा संबंध भावनेचा नाही, पुराव्याचा आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यात येऊ लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत ३२ टक्के वाढ झाली आणि मुले व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आणि हा परिणाम शाळा दूर असलेल्या गावांत प्रकर्षाने दिसला. सायकल चालत असेल तर मुलगी शिकते, हा त्याचा सरळ अर्थ. ती बंद पडली तर काय होते, हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

हापशाने शिकवलेला धडा

वस्तू वाटली की काम संपले, ही शासकीय यंत्रणेची जुनी समजूत आहे. महाराष्ट्राने हा अनुभव हातपंपांच्या बाबतीत एकदा घेतलेला आहे. दुष्काळाच्या काळात गावोगाव विंधनविहिरी खोदल्या गेल्या, त्यांवर बिडाचे हातपंप बसले आणि पाहता पाहता त्यांतील बहुसंख्य बंद पडले. तोड निघाली ती याच मातीतून. जालना आणि सोलापूर येथील कार्यशाळांत पोलादी, टिकाऊ हापशाचे नमुने तयार झाले. त्यांतूनच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप आकाराला आला. १९७९ मध्ये त्याला भारतीय मानक मिळाले आणि पुढे तो जगभर गेला. त्याच्या यशाची कारणे तीन: दर्जाचे एक निश्चित माप, कोठेही मिळणारे सारखे सुटे भाग आणि गावपातळीवर दुरुस्ती करू शकणारा प्रशिक्षित माणूस.

सायकलीच्या बाबतीत या तीनही गोष्टी आज विस्कळीत आहेत. सुरक्षिततेची भारतीय मानके आहेत. परंतु टेंभली किंवा प्रकाशा येथील पालकाला ती दुकानात वापरता येतील अशा रूपात कोणी सांगितलेली नाहीत. टेंभलीचे नाव येथे सहज आलेले नाही. शहादा तालुक्यातील याच गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. अनुदानाची रक्कम आज योग्य मुलीच्या खात्यात पोचते. पैसा बरोबर पोचला. त्या पैशाने येणारी वस्तू बरोबर आहे का, हे पाहणारी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. माणसाची ओळख पटली, सायकलीची पटली नाही.

दुरुस्ती करणाराच दर्जाचा जाणकार

येथे सामुदायिक सायकल कार्यशाळेचा विचार पुढे येतो. युरोपात १९८० च्या दशकापासून व्हिएन्नासारख्या शहरांत अशा कार्यशाळा चालतात. फ्रान्समध्ये २०१० पासून त्यांचे राष्ट्रीय जाळे आहे. कल्पना साधी आहे. हत्यारे सर्वांची, जागा सर्वांची, शिकवणारा एक जाणता कारागीर. ज्याने त्याने आपली सायकल आपल्या हाताने दुरुस्त करायची, टाकून दिलेल्या सायकलींचे चांगले भाग वापरात आणायचे आणि त्यांतून उभी राहिलेली सायकल माफक दरात गरजूला द्यायची.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने एके काळी प्रत्येक तालुक्याच्या गावी होती. त्या दुकानदाराचे अर्थकारण लक्षात घेण्यासारखे आहे. सायकल त्याची, दुरुस्तीही त्याचीच. सायकल बंद पडली तर भाडे बुडणार तेही त्याचेच. म्हणून तो घेताना टिकाऊ घेत असे. अवजड, काळी, देखणेपणा नसलेली, पण वर्षानुवर्षे चालणारी. विकणारा आणि दुरुस्त करणारा यांचे हितसंबंध एका ठिकाणी होते, तोवर दर्जाला राखणदार होता. ती दुकाने गेली आणि हा राखणदारही गेला. आज विकणाऱ्याला टिकाऊपणात रस नाही, आणि ज्याला टिकाऊपणा कळतो त्या पंक्चरवाल्याला खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही.

सामुदायिक कार्यशाळेचे खरे कार्य ही तुटलेली साखळी जोडण्याचे आहे. तिच्या फळीवर दररोज मोडक्या सायकली येतात. कोणत्या बनावटीचे पायडल तीन महिन्यांत सुटते, कोणत्या रिमला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो, कोणता फ्रीव्हील दात टाकतो, हे ज्ञान तेथे आपोआप साचते. बाजारात नेमके हेच ज्ञान दुर्मीळ आहे. म्हणून कार्यशाळेने स्वतःचा प्रचार करणे आणि चांगल्या सायकलीचा प्रचार करणे ही दोन कामे नसून एकच काम आहे.

प्रचार म्हणजे जाहिरात नव्हे

प्रचार म्हटला की फलक, फेरी आणि उद्‌घाटनाचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात यातून फारसे निष्पन्न होणार नाही. मिरचीच्या ग्राहकाकडे जी पारख आहे ती सायकलीच्या ग्राहकाला मिळवून देणे, हाच येथे सर्वांत परिणामकारक प्रचार ठरेल.

त्याची सुरुवात आठवडे बाजारापासून व्हावी. कार्यशाळेने बाजारात एक टेबल मांडावे. त्यावर दोन तुंबे उघडून ठेवावेत: एक चांगला, एक निकृष्ट, दोन्ही पाच-सहा महिने वापरलेले. एकातील छर्रे गुळगुळीत, दुसऱ्यातील वाटी खरवडलेली. शेजारी दोन रिमांचे कापलेले तुकडे ठेवावेत, म्हणजे पत्र्याच्या जाडीतला फरक बोटांना लागेल. अशा टेबलाजवळ दहा मिनिटे उभा राहिलेला पालक दुकानात गेल्यावर वेगळे प्रश्न विचारील. समजावणे मात्र त्याच्या भाषेत हवे. सपाटीवर अहिराणी, नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी. छापील मराठी पत्रक तेथे पुरे पडणार नाही.

दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि मगच इसारा देतो. याच यात्रेत सायकल तपासण्याची रीत दाखवणारा तंबू उभा राहिला, तर त्याइतकी समर्पक जागा दुसरी नसेल. चाक फिरवून ते डुलते का पाहावे; ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी; क्रँक हाताने हलवून खेळ आहे का बघावे; आरे एकसारखे ताणलेले आहेत का, हे बोटाने वाजवून ऐकावे. हे चार नियम शाळकरी मुलीलाही पाठ होतील. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात सातपुड्यातील पाड्यापाड्यांतून माणसे उतरतात. तेथेही हे करता येईल.

दुसरे साधन बिल्ल्याचे. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत. कार्यशाळेने तपासलेल्या प्रत्येक सायकलीला क्रमांकाचा बिल्ला लावावा आणि त्या क्रमांकापुढे नोंदवहीत तिचा इतिहास लिहावा: कोणते भाग बदलले, केव्हा, किती खर्च झाला. जुनी सायकल विकताना ही नोंद ग्राहकाला वाचून दाखवावी आणि ठरावीक मुदतीत बिघाड झाल्यास विनामूल्य दुरुस्तीची हमी द्यावी. अ‍ॅकरलॉफच्या बाजारातून बाहेर पडण्याचा मार्ग हाच आहे. चांगला माल विकणाऱ्याने आपला चांगुलपणा दिसेल असे काही तरी पणाला लावले पाहिजे. दरपत्रक दर्शनी भागी असावे आणि ते सर्वांना सारखे असावे, हे वेगळे सांगायला नको. गावोगाव फिरणारा बिल्ला हीच कार्यशाळेची जाहिरात होईल. पण सायकल वाटेत बंद पडली, तर त्याच बिल्ल्याने तिची अपकीर्तीही होईल. विश्वासाचा व्यवहार नेहमी असा दुधारी असतो, आणि तसाच तो असावा.

तिसरी गोष्ट सामुदायिक खरेदीची. शाळा सुरू होताना एखाद्या तालुक्यातील शेकडो पालक एकेकटे दुकानात जातात आणि जे मिळेल ते घेतात. कार्यशाळा, शाळा आणि महिलांचे बचत गट यांनी मिळून मागणी एकत्र केली, तर कोणता टायर हवा, कोणता ब्रेक हवा, हे ग्राहकाला सांगता येईल. शहाद्याच्या मातीला सहकार नवा नाही. ऊस उत्पादकांना जे साधले ते पालकांना अशक्य नाही. अनुदान आणि चांगल्या सायकलीची किंमत यांतील एक-दोन हजारांची तफावत बचत गटाच्या हप्त्यांनी भरून निघू शकते. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. तेथे सायकलीसाठी कर्जाची सोय करण्यात आली होती. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पाच हजारांच्या सायकलीमागे सुमारे तीनशे रुपयांची ही सवलत. ती विक्रेत्याच्या गल्ल्यात न जिरता चांगल्या टायरच्या रूपाने मुलीच्या वाट्याला यावी, एवढे तरी संघटित ग्राहक पाहू शकतो.

आक्षेप आणि मर्यादा

या विचारावर काही आक्षेप संभवतात आणि ते टाळण्यात अर्थ नाही. पहिला असा की, कार्यशाळेच्या माफक सेवेने रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय येईल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय एकच: त्याला स्पर्धक न मानता गुरू मानणे. आठवड्यातून दोन दिवस त्याने मानधन घेऊन शिकवावे, मोठी कामे त्याच्याकडेच पाठवावीत. हत्यारे आणि जागा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे किंवा मोठ्या आश्रमशाळांकडे असू शकते. हातातले कसब मात्र त्याच्याकडेच आहे. मुलींनी ते शिकणे तर विशेष अगत्याचे. चेन उतरली म्हणून भर दुपारी निर्जन वाटेवर थांबून राहावे लागणारी मुलगी आणि दोन मिनिटांत चेन चढवून पुढे जाणारी मुलगी यांच्या सुरक्षिततेत अंतर आहे.

दुसरा आक्षेप भूगोलाचा. चांदसैली घाटात सायकल ही चैन ठरेल, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरी पाड्यांना तिचा उपयोग मर्यादित आहे, हे मान्यच केले पाहिजे. तेथे एस.टी.ची वेळेवर येणारी गाडी आणि निवासी शाळा हेच उत्तर आहे. परंतु तापीच्या काठचा शहादा, तळोदा, नंदुरबारचा सपाट पट्टा आणि नवापूरचा मोठा भाग सायकलीला अनुकूल आहे. सर्वत्र लागू नाही म्हणून कोठेच नको, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. दर्जाची तपासणी सक्तीची करावी, अनुदानाचा दुसरा हप्ता कार्यशाळेच्या दाखल्यावर द्यावा, अशी सूचना कोणी करील. वरकरणी ती आकर्षक आहे. परंतु आपल्याकडे प्रत्येक दाखल्याभोवती एक खिडकी उभी राहते आणि प्रत्येक खिडकीपाशी एक अडवणूक. निकृष्ट सायकल विकली दुकानदाराने, आणि हप्ता अडला मुलीचा, असा उफराटा न्याय होऊ नये. त्यापेक्षा तपासणी विनामूल्य आणि ऐच्छिक असावी, तिचा अहवाल पालकाच्या हाती द्यावा आणि प्रत्येक तिमाहीस कोणत्या बनावटीच्या सायकलींत कोणते दोष आढळले याची नोंद पंचायत समितीच्या फलकावर लागावी. दंडापेक्षा माहितीचा धाक विक्रेत्याला अधिक वाटतो, हा ग्राहक चळवळीचा अनुभव आहे. मात्र अशी नोंद लावणाऱ्या कार्यशाळेने कोणत्याही कंपनीकडून वा दुकानाकडून देणगी घेता कामा नये. तराजू ज्याच्या हाती, त्याने पारड्यात हात घालू नये.

आफ्रिकेत काम करणाऱ्या ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ या संस्थेने २००५ नंतर याच मार्गाने वाटचाल केली. शंभर किलो ओझे पेलणारी, खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेली जड पोलादी सायकल तिने तयार करवली आणि सायकलीबरोबर गावोगावी कारागीरही तयार केले. झांबियातील शाळकरी मुलींना अशा सायकली मिळाल्यावर त्यांची गैरहजेरी एका अभ्यासानुसार २७ टक्क्यांनी घटली. तेथे सायकल, सुटे भाग आणि कारागीर यांचा विचार एकत्र झाला. नंदुरबारमध्ये पैसा एका खात्यातून येतो, सायकल दुसरीकडून आणि दुरुस्ती नशिबाने.

या तिन्हींची गाठ घालायला मोठा निधी लागत नाही. एक छपरी, पाना-पक्कडींचा एक संच, एक मानधनावरचा कारागीर, एक नोंदवही आणि बाजाराच्या दिवशी उघडून ठेवलेले दोन तुंबे, एवढ्यावर तालुक्याची पहिली कार्यशाळा उभी राहू शकते. पुढाकार शिक्षकांनी घ्यायचा की ग्रामपंचायतीने, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेने की बचत गटांनी, हा तपशिलाचा भाग झाला. जून महिना दर वर्षी येतो. पहिल्या पावसात चिखलाच्या वाटांवर नव्या सायकली दिसू लागतात. दिवाळीनंतर त्यांतील किती रस्त्यावर उरल्या आणि किती घराच्या कुडाला टेकून उभ्या आहेत, एवढी एक मोजणी प्रत्येक शाळेने केली, तरी कार्यशाळेची गरज वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.